ड्राय डेला भरलेले पेग

परमिट रूममध्ये माणसं दारू प्यायला येतात, असं बाहेरच्यांना वाटतं. मी आधी बारामतीत आणि मग इंदापुरात काउंटर सांभाळला. माझा अनुभव असा की निम्मी माणसं नुसती बसायला येत. घरात बसलं की बायको काम सांगते, चौकात बसलं की गाव बघतं, आणि ऑफिसात बसलेलं साहेबाला सहन होत नाही. मग उरतं काय? अशोकाच्या झाडांना रंगीत बल्ब गुंडाळलेली आमची बाग. पायाखाली खडी, पत्र्याची टेबलं, हळू आवाजात लावलेली जुन्या गाण्यांची कॅसेट आणि मसाला पापड. नव्वदच्या दशकात बारामतीला नवे कारखाने आले, पहिल्या पगाराची पोरं आली, आणि संध्याकाळी आमच्या बागेत खुर्ची मिळेना झाली. लोक हसायचे, उसाच्या भावावरून भांडायचे, पुन्हा एका ताटात बुर्जी खायचे. मला ते बघायला आवडायचं, हे कबूल करायला लाज वाटत नाही.

एक नेहमीचा पेच होता. कॉलेजातले तीन प्राध्यापक पडद्याआडच्या खोलीत बसत आणि त्यांचेच विद्यार्थी बाहेर बागेत. दोघांनाही एकमेकांचा पत्ता लागू द्यायचा नाही, ही आमची जबाबदारी. सर उठायला लागले की वेटर पोरांच्या टेबलावर गरम भजी नेऊन ठेवायचा. पोरांच्या माना खाली गेल्या की सर मागच्या दारानं बाहेर. वर्षभर ते निभावलं. शेवटी एका सरांना सायकलच्या स्टँडजवळ त्यांच्याच विद्यार्थ्यानं नमस्कार केला आणि दोघेही म्हणाले, "जेवायला आलो होतो."

पण मॅनेजरचं खरं काम काळजी करणं. ग्लासाकडं बघून माणूस किती चढलाय ते कळत नाही. उठताना त्याचे पाय बघायचे. पाऊल टाकण्याआधी जो जमीन चाचपतो, त्याच्या मोटारसायकलची किल्ली गोड बोलून काढून घ्यायची. कोण कुणाच्या भावकीतला, कुणाचा कुणाशी बांधावरून दावा चालू आहे, ते लक्षात ठेवून टेबलं द्यायची. रोज बंद करताना वाटायचं, आजचा दिवस निभावला. त्यात घरी आमची आई. आम्ही पळसदेवचे, बौद्ध घर. सकाळी बुद्धाच्या तसबिरीपुढं पंचशील म्हणताना पाचव्या शीलाला, म्हणजे मद्यापासून दूर राहण्याच्या वचनाला, तिचा आवाज चढायचा. मी कधी थेंब घेतला नाही. पण मी दुसऱ्याला भरून देतो, हे तिला ठाऊक होतं.

आमच्या मालकांना सगळे आबा म्हणत. त्यांनी इंदापूरला पुणे-सोलापूर रस्त्यावर दुसरं परमिट रूम काढलं आणि मला तिथं पाठवलं. तिथल्या बोर्डाची अक्षरं बाळू पेंटरनं काढली होती. बाळू ट्रक रंगवायचा. ट्रकच्या मागच्या फळीवर मोर, कमळ, मालकाच्या पोरांची नावं. आणि अक्षर असं की लांबून धावत्या गाडीचं वाचता यावं. तिशीतला माणूस, हसरा, हाताला कायम टर्पेंटाइनचा वास. आठवड्यातून तीन-चार वेळा यायचा. त्याची बायको कमल मला ओळखत होती ती वेगळ्या कारणानं. एकदा ती आमच्या फाटकापाशी उभी राहून सगळ्यांदेखत म्हणाली होती, "मॅनेजर, तुमी पगार घेता आन् आमच्या घरात अंधार होतो." मी खाली बघत उभा राहिलो.

आता निवडणुकीचं सांगतो. मतदानाच्या आधीपासून मतदान संपेपर्यंत ड्राय डे असतो. एक्साईजच्या साहेबांनी येऊन आमच्या दारूच्या खोलीला कुलूप घातलं, त्यावर लाखेचं सील मारलं. सील तुटलं तर परवाना गेला, एवढं सरळ होतं. मतदानाच्या आदल्या दिवशी ऊन कलताना बाळू मागच्या दारी आला.

"सुदामभाऊ, एक क्वार्टर."

"न्हाय बाळू. सील हाय."

"मागनं द्या की. कोण बघतंय?"

"समदे बघत्यात. उद्याचा दिवस कळ काढ."

तो हसला, "बरं, बघतो दुसरीकडं," म्हणाला आणि निघून गेला. रस्त्यापलीकडच्या टपरीवर चार माणसं बसली होती. त्यांनी त्याला आमच्या मागच्या दारातून बाहेर पडताना पाहिलं. तेवढंच पाहिलं.

मतदानाच्या दिवशी सकाळी मी मत टाकून आलो आणि स्वयंपाकघर झाडून घेत होतो. कमल पळत आत आली. पदर सुटलेला, पायात चप्पल नाही.

"काय पाजलंत ह्यांना? सांगा, काय पाजलंत?"

"वैनी, मी काय दिलं न्हाय. काय झालं?"

"उलट्या करत्यात. पोटाला धरून लोळत्यात. आन् म्हणत्यात, दिसत न्हाय."

दिसत नाही, हे ऐकलं आणि मी झाडू टाकला. आमच्या धंद्यात या दोन शब्दांना सगळे भितात. विषारी दारू आधी डोळ्यावर जाते, हे प्रत्येक काउंटरवाल्याला ठाऊक असतं. मी तिच्या मागं दवाखान्यात गेलो. जाताना वाटेतच कानावर आलं, "परमिट रूममधून काल मागनं विकली." इतक्या लवकर गावभर झालं होतं.

दवाखाना खाजगी होता, चार खाटांचा. डॉक्टरबाई नुकत्याच इंदापुरात आलेल्या, वय माझ्याहून कमी. बाळू खाटेवर धापा टाकत होता. चढावर पळून आल्यासारखा श्वास. डोळे उघडे, पण ते कुणावर थांबत नव्हते.

"डोळ्यापुढं दूध सांडल्यागत झालंय," तो म्हणाला.

डॉक्टरबाईंनी त्याला विचारलं, "बाळू, खरं सांगा. काल काय प्यालात? यांच्याकडची दारू?"

मी दिली नव्हती, तरी तो काय बोलेल याची मला भीती वाटली. कमल माझ्याकडं बघत होती.

"न्हाय. सुदामभाऊनं दिलीच न्हाय. पॉलिशचं स्पिरिट प्यालो. फर्निचरच्या शेडमधलं. पाणी घालून."

"कुणाबरोबर?"

"एकलाच."

बाईंनी आतल्या खोलीत जाऊन पुण्याच्या त्यांच्या सरांना फोन लावला. बराच वेळ बोलल्या. बाहेर आल्या आणि मला बाजूला घेतलं. त्यांचा चेहरा उतरला होता, पण बोलणं स्पष्ट होतं.

"त्या स्पिरिटमध्ये मिथेनॉल असतं. शरीर त्याचं विष करतं, आणि ते डोळे आणि मेंदू खातं. यावर उतारा म्हणजे चांगली दारू. पोटात दारू असली की शरीर आधी ती पचवत बसतं, विष तयार व्हायचं थांबतं. तोवर पुण्याला नेऊन मशिनवर रक्त धुवून घ्यायचं. माझ्याकडं त्याचं इंजेक्शन नाही. दवाखान्यातलं स्पिरिट चालत नाही, त्यातही विष असतं. मला कंपनीची सीलबंद व्हिस्की पाहिजे. आत्ता."

"बाई, आज ड्राय डे हाय. खोलीला सील हाय."

"मी चिठ्ठी लिहून देते. पण सील तुम्हाला तोडावं लागेल."

मी आबांना बारामतीला फोन लावला. आबा मतदान केंद्राजवळच्या ओळखीच्या दुकानात होते. सगळं ऐकून घेतलं. पलीकडून गर्दीचा आवाज येत राहिला.

"आबा, काय करू?"

"सुदाम, सील मोडलं तर दोन्हीकडचा परवाना जाईल. पंधरा घरं त्याच्यावर चालत्यात."

"व्हय आबा."

मग ते म्हणाले, "तुझा फोन मला आलाच न्हाय," आणि ठेवून दिला.

त्याचा अर्थ काय घ्यायचा? मोड, पण माझं नाव घेऊ नकोस? की मोडू नकोस? फोन हातात धरून मी उभा राहिलो. पंधरा घरांत माझंही एक होतं. खरं सांगतो, मी मोठ्या मनानं काही ठरवलं नाही. आतून बाळूच्या ओकाऱ्यांचा आवाज येत होता आणि तो थांबत नव्हता, म्हणून मी गेलो. हातोडीनं कुलूप तोडलं. लाखेचे तुकडे फरशीवर पडले. एक खंबा, म्हणजे व्हिस्कीची मोठी बाटली, घेतला, पेग मोजायचं स्टीलचं माप घेतलं, पाण्याच्या बाटल्या घेतल्या.

दवाखान्यात पहिला डोस बाईंनी सांगितला तसा मी मापानं भरला, भरपूर पाणी घातलं आणि ग्लास बाळूच्या तोंडाला लावला. वास येताच त्यानं मान फिरवली.

"नको. सोडली मी. कमल, तुझी आण, सोडली."

कमलनं त्याचं डोकं मांडीवर घेतलं. जी बाई माझ्या फाटकात उभी राहून मला बोलली होती, ती त्याला म्हणत होती, "प्या. माझ्यासाठी प्या. घोट घोट घ्या, पर प्या." तिच्या डोळ्यांतलं पाणी त्याच्या कपाळावर पडत होतं आणि ती त्याची हनुवटी धरून दारू पाजत होती. मी हजारो पेग भरले. असा एकच.

सरकारी अँब्युलन्स निवडणुकीच्या कामावर गेलेली. रज्जाकभाई गावात भाड्यानं जीप चालवायचे, पण त्यांची जीप एका उमेदवारानं मतदार आणायला धरली होती. मी त्यांना रस्त्यात हात केला. त्यांनी ऐकलं, जीपवरचा झेंडा उपटून टपरीवाल्याच्या हातात दिला आणि म्हणाले, "बसा." बाईंना दुसरा पेशंट सोडता येईना. त्यांनी मला पुन्हा पुन्हा बजावलं. दर तासाला एवढंच, याहून जास्त नाही. बोलतं ठेवा. शुद्ध गेली तर तोंडात काही घालायचं नाही.

जीपच्या मागच्या बाजूला बाळू आडवा, त्याचं डोकं कमलच्या मांडीवर. समोर मी, पायांमध्ये बाटली दाबून धरलेली. रस्ता तेव्हा दोन पदरी. समोरून ट्रक आला की रज्जाकभाई जीप मातीत उतरवत, आणि माझ्या हातातलं माप हिंदकळे. मी घड्याळाकडं बघे, मग बाळूच्या छातीकडं. श्वास जोरात चालला की भीती, आणि जरा मंद झाला की त्याहून जास्त भीती.

"बाळू, बोल. माझ्या बोर्डाला रंग कुठला दिलता?"

"लाल. पिवळी शॅडो."

"अजून बोल."

पळसदेव आलं. उजव्या हाताला उजनी धरणाचं पाणी दिसत होतं, त्या पाण्याखाली आमची जुनी जमीन. एरवी मी त्या बाजूला बघतो. त्या दिवशी बघितलं नाही. व्हिस्कीनं बाळूची जीभ सैल झाली होती. तो एकटाच पुटपुटायला लागला आणि मध्येच म्हणाला, "दत्तूला पण सांगा."

कमल वाकली. "कोण दत्तू?"

"पॉलिशवाला. त्यानं पण घेतली. मालकाला कळलं तर त्याचं काम जाईल, म्हणून नाव घेतलं न्हाय मी."

"कुठं ऱ्हातो?"

"डाळजला. वस्तीवर."

रज्जाकभाईंनी आरशातून माझ्याकडं बघितलं. डाळज पुढंच होतं, पण वस्ती म्हणजे रस्ता सोडून उसातल्या वाटेनं आत जायचं, घर शोधायचं. दत्तूचं घर आमच्यापैकी कुणी पाहिलेलं नव्हतं. बाळूजवळ वेळ किती आहे ते कुणालाच माहीत नव्हतं. मला बोलायचा हक्क आहे असं वाटेना. रज्जाकभाई हलक्या आवाजात म्हणाले, "भिगवणला गेल्यावर कुणाला तरी निरोप धाडू."

कमल बाळूच्या तोंडाकडं बघत होती. त्याचे ओठ सुकले होते. फाटा जवळ आला, जीपचा वेग कमी झाला नाही. फाटा मागं पडायच्या बेतात ती ओरडली, "वळवा! वळवा गाडी! त्याला पण आई असंल."

उसातली वाट एका ठिकाणी चुकली, मागं यावं लागलं. एकदा चाक पाटात अडकलं. मी आणि रज्जाकभाईंनी ढकललं, आणि ढकलताना मला आत कमलचा आवाज ऐकू येत होता, "बोला ना, बोला ना माझ्याशी." किती वेळ गेला ते मी पाहिलं नाही. पाहायची हिंमत झाली नाही.

दत्तू घराच्या सावलीला गोधडीवर झोपला होता. विशीतला पोरगा. त्याची म्हातारी चुलीपाशी. ती म्हणाली, "उन्हानं डोकं धरलंय त्याचं. झोपू दे, मग मत टाकाया जाईल." दत्तू उठून बसला आणि आम्हाला बघून घाबरला.

"मी काय केलं न्हाय."

"दिसतं का तुला?" मी विचारलं.

"जरा धुरकट वाटतंय. पित्त झालंय."

तो यायला तयार होईना. चोरीचं स्पिरिट, आता पोलिसात नेतील, ही भीती. मी समजावत होतो आणि मागून कमल जीपमधून उतरून आली. तिनं त्याचा दंड धरला आणि त्याला ओढत जीपपाशी आणलं.

"ह्यांच्या डोळ्यात बघ. बघ नीट. असं व्हायचंय तुला?"

दत्तूनं बाळूकडं बघितलं आणि मुकाट्यानं आत चढला. म्हातारीला काय चाललंय ते कळेना. ती जीपमागं चार पावलं धावली आणि थांबली. मी दत्तूसाठी मापानं पेग भरला.

भिगवणच्या पुढं नाकाबंदी लागली. मतदानाचा दिवस, ड्राय डे, आणि जीपमध्ये उघडा खंबा, पेगचं माप, दारूचा वास येणारी दोन माणसं आणि परमिट रूमचा मॅनेजर. हवालदारानं बाटली उचलली.

"मतदारांना वाटत चाललाय का?"

मी डॉक्टरबाईंची चिठ्ठी पुढं केली. त्यानं ती वाचली, उलटी करून बघितली.

"दारूवर दारूचं औषध? मला शिकवतो व्हय?"

त्यानं मला खाली उतरायला सांगितलं. बाटली गेली तर पुढच्या तासाला काय देणार? मी हात जोडले, तो ऐकेना. तेव्हा कमल आतून म्हणाली, "साहेब, हिकडं या. ह्यांच्या डोळ्यापुढं हात फिरवून बघा."

हवालदार आत वाकला. त्यानं बाळूच्या तोंडापुढून हात नेला, एकदा, दोनदा. बाळूची पापणी हलली नाही. मग त्यानं बाटली जपून माझ्या हातात ठेवली आणि बॅरिकेड स्वतः बाजूला ओढलं.

पुण्याला पोचेपर्यंत दोघंही शुद्धीवर होते. मोठ्या दवाखान्यात डॉक्टरबाईंच्या सरांनी सगळं तयार ठेवलं होतं. दोघांनाही आत नेलं. मी बाहेर बाकावर बसलो. खिशात पेगचं माप होतं, ते मांडीला टोचत होतं, तरी मी बाहेर काढलं नाही. दवाखान्यात ते कुणी बघू नये असं वाटत होतं.

दत्तू पूर्ण बरा झाला. नजर जशीच्या तशी. बाळू वाचला, पण डोळे गेल्यात जमा. समोरचं दिसत नाही, कडेकडेनं सावल्या हलताना दिसतात, उजेड कळतो.

मी इंदापूरला परत आलो तेव्हा परमिट रूमच्या काचा फुटलेल्या होत्या. बोर्डावर कुणीतरी डांबर ओतलं होतं. एक्साईजची चौकशी बसली. मी ठरवलं होतं, सील मी माझ्या मनानं मोडलं असं सांगायचं. साहेबांनी विचारलं आणि मी तोंड उघडणार, तोच शेजारी बसलेले आबा म्हणाले, "मी सांगितलं मोडायला. फोनवर." मी त्यांच्याकडं बघत राहिलो. त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. परवाना काही महिने बंद राहिला. डॉक्टरबाईंनी दोन वेळा जाऊन साक्ष दिली, तेव्हा सुटला. त्या महिन्यांत आबांनी कुणालाही कामावरून काढलं नाही, पण त्यांचं वय एकदम दिसायला लागलं.

बाळूचं काम कमलनं उचललं. आधी बाळूनं सांगायचं आणि तिनं रंग भरायचा. अक्षरं वाकडी यायची, ड्रायव्हर हसायचे. तिनं जुन्या पत्र्यांवर रोज सराव केला. बाळू शेजारी बसून विचारायचा, "उभी रेघ किती जाड घेतलीस? बोटानं दाखव." ती त्याच्या तळहातावर बोट ठेवून दाखवायची. वर्ष-दीड वर्षात इंदापूर नाक्यावर ट्रक तिच्यासाठी थांबायला लागले. दत्तू पॉलिशचं काम सोडून तिच्या हाताखाली आला. तो रंग कालवतो, फळ्या घासतो, आणि संध्याकाळी बाळूला हात धरून फिरवून आणतो.

निवृत्त झाल्यावर एकदा मी तिकडून जात होतो म्हणून थांबलो. कमल एका ट्रकच्या मागच्या फळीवर अक्षरं काढत होती. केस पिकले होते. बाळू आणि दत्तू फिरायला गेले होते. चहा झाला, इकडचं-तिकडचं बोलणं झालं. मग इतकी वर्षं माझ्या मनात असलेलं तोंडातून निघालंच.

"वैनी, त्या दिवशी डाळजला वळलो नसतो, तर बाळूच्या डोळ्यांचं..."

"थांबा," ती म्हणाली. तिनं ब्रश फळीवरून उचलला होता, रंगाचा थेंब टोकावर लोंबत होता. "पुण्याच्या डॉक्टरला मी हे कधी इचारलं न्हाय. तुमी पण कुणाला इचारू नका. उत्तर आलं तर दत्तूच्या तोंडाकडं बघता यायचं न्हाय मला."

रस्त्यावरून दोघं परत येत होते. दत्तू काहीतरी सांगत होता आणि बाळू मोठ्यानं हसत होता. कमलनं थेंब डब्याच्या कडेला निपटला आणि अर्धं राहिलेलं अक्षर पुरं करायला घेतलं.